उष्टा फोन

रविवारी सकाळी दारूबंदीच्या गुजरातकडून सिल्वासात ज्या गाड्या येतात त्या कशासाठी येतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या रविवारी काही गाड्या चक्क बारच्या पाट्या ओलांडून पुढे गेल्या आणि राखोली रस्त्यावरच्या एका लग्नाच्या हॉलपाशी थांबल्या. हॉलमध्ये लग्न नव्हतं, तरी तोरणं होती. व्यासपीठावरच्या नवरानवरीच्या दोन मखमली खुर्च्यांपैकी एक हलवली होती आणि उरलेल्या खुर्चीवर रँकसिद्ध कल्पेशजी विराजमान होते. त्यांच्यासमोर चौरंग, चौरंगावर लॅपटॉप, लॅपटॉपला झेंडूचा हार. कुंकू बटणांत शिरू नये म्हणून वर प्लास्टिकचं आवरण घातलेलं होतं. श्रद्धा कितीही असली तरी वॉरंटी ती वॉरंटी.

समोर हॉल गच्च भरला होता. दातांचे डॉक्टर होते, बोअरवेलवाले होते, पार्लरवाल्या होत्या, क्लासवाले होते, खडोलीच्या कारखान्यांना खोकी पुरवणारे होते. सगळ्यांचं दुखणं एकच. गूगलवर आपला धंदा शोधला की तो सापडत नाही, आणि सापडलाच तर चौथ्या पानावर, जिथे गिऱ्हाईक सोडा, डासही फिरकत नाही.

"गूगल म्हणजे काय?" कल्पेशजींनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता डोळे मिटले. "गूगल म्हणजे आकाशतत्त्व. आपल्या ऋषींनी सूत्रं लिहिली. सूत्र म्हणजे धागा. धागा म्हणजे लिंक. जुओ, किती सिंपल आहे. अमेरिकेने फक्त स्पेलिंग बदललं."

हॉलने टाळ्या वाजवल्या. शेवटून तिसऱ्या रांगेत मालतीबाई खानोलकरांनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून तोंडात टाकली. तोंड रिकामं असलं की त्यातून काहीतरी निघून जातं, हा त्यांचा जुना अनुभव होता.

मालतीबाई मूळच्या कोकणातल्या. इथल्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायला आल्या, डोकमर्डीत राहिल्या आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिल्या. कल्पेशजींना त्या आजच पाहत होत्या असं नाही. काही वर्षांपूर्वी हाच इसम दारोदार चुंबकाच्या गाद्या विकत असे. पुढे त्याने घरात सुख नांदवणारे तांब्याचे पिरॅमिड काढले. गाद्यांनी कुणाची पाठ सरळ झाली नाही आणि पिरॅमिडांनी कुणाच्या सुनेचा स्वभाव बदलला नाही, पण प्रत्येक वेळी कल्पेशचा शर्ट मात्र महाग होत गेला. आता तर शर्टही गेला आणि रेशमी झब्बा आला.

बाई इथे स्वखुशीने आल्या नव्हत्या. त्यांना आणलं होतं जयाने. जया त्यांची शाळेतली विद्यार्थिनी, डोकमर्डीतच पाळणाघर चालवणारी. "बाई, तुम्ही डोळ्यांनी बघा आणि मग बोला," असं म्हणून तिने त्यांना रिक्षात घातलं होतं.

डोळ्यांनी बघायला तेवढ्यात सुरुवातही झाली. कल्पेशजींनी दातांच्या डॉक्टर प्रभाकरांना वर बोलावलं. डॉक्टरांनी आपला फोन आधी कपाळाला लावला, मग गुरूंनी दिलेला बीजमंत्र त्यात टाइप केला: दंतदिव्य प्रभा मुखकमल चैतन्य सिल्वासा. फोनवरचं दृश्य मागच्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं. गूगलने क्षणभर विचार केला आणि सगळ्यात वर, पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत डॉक्टर प्रभाकरांचा दवाखाना झळकला. कुणीतरी शंख फुंकला. माणसाच्या तोंडात ड्रिल घालताना ज्यांचा चेहरा कधी हलला नाही त्या डॉक्टरांनी रुमालाने डोळे टिपले.

मग नव्या साधकांना नियम सांगितले गेले. गुरूंनी दिलेला बीजमंत्र आपल्या पानावर जागोजागी लिहायचा. रोज पहाटे स्वतःच्या फोनवर तोच बीजमंत्र टाकून, आपलंच पान शोधून उघडायचं, अशी एक माळ पुरी करायची. प्रत्येक साधकाने आपल्या पानाच्या तळाशी बाकीच्या सगळ्या साधकांच्या लिंका लावायच्या, त्याला लिंकयज्ञ म्हणायचं. आणि सगळ्यात कडक नियम शेवटचा.

"दुसऱ्याच्या फोनवर आपलं नाव कधीही शोधायचं नाही," कल्पेशजींचा आवाज खाली उतरला. "तो फोन उष्टा. त्याने काय काय पाहिलेलं असतं, आपल्याला माहीत नाही. उष्ट्या ताटात आपण नैवेद्य दाखवतो का? मग उष्ट्या फोनमध्ये आपलं नाव कसं टाकायचं? एकदा टाकलं की सगळी साधना शून्य."

हॉल शहारला. देवाच्या बाबतीत एक वेळ शंका घेतील, पण उष्ट्या-खरकट्याच्या बाबतीत आपली माणसं पक्की. मालतीबाईंच्या तोंडातली गोळी फुटली.

शेवटी घोषणा झाली. पुढच्या रविवारी नामसमर्पण. ज्यांचं पान जुनं आहे, ज्यांच्या नावाला पुण्याई आहे, अशा निवडक साधकांनी आपल्या वेबसाइटचं नाव आणि पासवर्ड गुरुचरणी अर्पण करायचा. मग सगळी काळजी गुरूंची. बोअरवेलवाल्या भगवंतरावांनी मागच्याच आठवड्यात हे केल्याचं सांगण्यात आलं. भगवंतराव उठून उभे राहिले आणि हात जोडले. त्यांचा उजवा गाल सुजलेला होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

निवडकांच्या नावांत पहिलं नाव जयाचं निघालं.

*

जयाचं पाळणाघर म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि चार जुने पाळणे. खडोली आणि राखोलीच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या बायका पोरं तिच्याकडे ठेवत. कुणाचं पोर सकाळच्या पाळीचं, कुणाचं दुपारचं. पोरांनाही ते कळत असे. दुपारच्या पाळीचं पोर सकाळच्या पोराच्या पाळण्यात झोपत नसे. जयाचा नवरा तुषार खडोलीला धाग्याच्या कारखान्यात होता. बाईंच्याच एका विद्यार्थ्याने जयाला साधीसुधी वेबसाइट करून दिली होती. 'जयाताईंचं पाळणाघर, डोकमर्डी. पाळीच्या वेळा सांभाळतो. दुपारी मऊ भात आणि वरण.' हेच हिंदीत आणि गुजरातीत, आणि पोरांचे चार फोटो. बस.

पण त्या पानाला मान होता. नव्याने भरती होणाऱ्या बायकांसाठी दोन कारखान्यांनी आपल्या पानावर जयाची लिंक दिली होती. जवळच्या शाळेने दिली होती, आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंनी लसीकरणाच्या पानावर दिली होती. हे कुणी कुणाला सांगून केलेलं नव्हतं. पोरं सुखरूप परत मिळत होती, म्हणून केलं होतं.

मग कारखान्यांतली माणसं बदलली, जुन्या बायका गावी गेल्या, पोरं कमी झाली. जया घाबरली. घाबरलेल्या माणसाचा पत्ता कल्पेशांना गूगलशिवाय सापडतो. गेला दीड महिना ती साधना करत होती आणि त्या दीड महिन्यात तिच्या फोनवर एकाही नव्या आईचा फोन आला नव्हता. पोरं उरली होती पाच. घरमालकाने दिवाळीनंतर जागा ठेवणार की सोडणार असं विचारलं होतं.

"फोन येत नाही, मग हे चाललंय काय?" बाईंनी विचारलं.

"लिंका पिकायला वेळ लागतो, बाई. गुरुजी म्हणाले, माझ्या श्रद्धेत कुठेतरी गाठ आहे. नामसमर्पण केलं की सुटेल."

ही बोलणी व्हरांड्यात चालली होती तेव्हाच फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर पोर, हातात डबा, केसांत धाग्याचे पांढरे तंतू. रोहिणी तिचं नाव, शिरपूरकडची. नवऱ्याबरोबर महिन्यापूर्वी इथे आली होती आणि दोन गल्ल्या सोडून राहत होती.

"ताई, आठे लेकरू ठेवतस का?" तिने आपल्या अहिराणीत विचारलं. महिनाभर ती पोराला शेजारणीकडे ठेवत होती. शेजारणीची पाळी बदलली की हिचा खाडा. आज एका दुकानदाराने हात करून हे घर दाखवलं, म्हणून आली.

"महिनाभर काय करत होतीस मग? फोनवर बघायचं ना," जया म्हणाली.

"बठ्ठा फोन धुंडी टाका ताई, पन तुमनं नाव काई दिसनं नही."

जयाचा चेहरा उतरला. मालतीबाईंनी रोहिणीला खुर्ची दिली आणि सांगितलं, महिनाभर जसं शोधत होतीस तसंच आत्ता शोधून दाखव. रोहिणीने फोन तोंडाजवळ धरला आणि कामाच्या हिंदीत त्याला विचारलं, खडोली के पास बच्चा रखने की जगह. फोनने वापीचं एक दिलं, दमणचं एक दिलं, लहान मुलांच्या कपड्यांची दोन दुकानं दिली. डोकमर्डीतली जया कुठेच नव्हती.

"तो तिचा फोन आहे बाई," जया हळूच म्हणाली. "उष्टा."

बाईंनी स्वतःच्या फोनवर जयाच्या पानाचा पत्ता टाकून पान उघडलं आणि चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांना लावला. पानावर पाळणाघर हा शब्दच राहिला नव्हता. गुरुजींच्या मते त्याची कंपनं खालच्या पातळीवरची होती. त्याऐवजी तिथे 'अमृतछाया दिव्य शिशुचेतना केंद्र' होतं, आणि तेच शब्द पुढे पंचवीस ओळींत आलटून पालटून आले होते. हिंदी आणि गुजराती गेली होती. दिव्य चेतना शोधत कामाच्या पाळीला निघालेली आई मालतीबाईंच्या तरी ओळखीची नव्हती.

मग त्या पान खाली सरकवत गेल्या. 'दुपारी मऊ भात' ही ओळ कशीबशी जिवंत होती. तिच्या खाली, फिक्या राखाडी अक्षरांत, लिंकांची रांग लागली होती. उत्तम बोअरवेल. वेदनारहित दंतचिकित्सा. वशीकरण, एका फोनवर. मर्दानी ताकद परत मिळवा. तीन पत्ते खेळा, घरबसल्या राजा व्हा.

"हे काय गं?"

"ते लिंकयज्ञाचं," जया म्हणाली. "आपण जेवढं देऊ तेवढं आपल्याला येतं."

"मऊ भाताखाली ताकदीच्या गोळ्या?"

जया लाजेने लाल झाली, पण तिने माघार घेतली नाही. तिने तिथेच आपल्या फोनवर बीजमंत्र टाकला आणि फोन बाईंसमोर धरला. अमृतछाया दिव्य शिशुचेतना केंद्र पहिल्या क्रमांकावर होतं. रोज पहाटे उठून ती हेच पाहत होती आणि हेच पाहून तिला दिवसभर बळ येत होतं. बाईंनी बरंच समजावलं. ती ऐकत होती, ती लहानपणी वर्गात ऐकायची तशीच, मान हलवत आणि मनात दुसरंच ठरवत.

"बाई, तुम्हाला कशावर श्रद्धाच नाही," शेवटी ती म्हणाली. "माझं हे घर गेलं तर मी पॅकिंगला जाईन. पण या पाचांचं काय? रविवारी मी नाव देणार."

रोहिणीचं पोर तोवर पाळण्याचा दांडा चोखत होतं. त्याला तिथे आवडलेलं दिसत होतं.

*

पुढच्या रविवारी हॉल आणखी भरला. चौरंगावरच्या लॅपटॉपला आज दोन हार होते. ज्यांनी समर्पण करायचं त्यांनी वर येऊन, प्लास्टिकच्या आवरणावरून बोटं चालवून, स्वतःच पासवर्ड टाइप करायचा होता. जया नवी साडी नेसून रांगेत पहिली उभी होती. तुषारला पाळी होती, म्हणून तो आला नव्हता. असता तर त्यानेही हातच जोडले असते.

मालतीबाई आज पहिल्या रांगेत होत्या. जयाने लॅपटॉपवर हात ठेवले तेव्हा त्या उठल्या.

"एक लहानसा प्रयोग करायचाय," त्या म्हणाल्या. "शाळेतली खोड आहे, जात नाही."

"बोला ना, माताजी," कल्पेशजी प्रसन्न होते. "इथे सगळे शिकायलाच येतात."

"दात कुणाचा दुखतोय?"

हॉल हसला. सुजलेल्या गालाचे भगवंतराव बोअरवेलवाले मात्र हसले नाहीत. गेले पंधरा दिवस ते लवंग चघळत होते. त्यांनी हात वर केला.

"भगवंतराव, आत्ता, या क्षणी, दाढेसाठी डॉक्टर हवा असेल तर फोनवर काय शोधाल? तुमचा फोन, तुमचे शब्द."

भगवंतरावांनी दाढेवर हात ठेवला आणि एका बोटाने टाइप केलं: दाढ दुखते सिल्वासा डॉक्टर. पहिल्या रांगेतल्या डॉक्टर प्रभाकरांनी मान लांब केली. भगवंतराव नावं वाचू लागले. एक झालं, दोन झाली, पाच झाली. प्रभाकरांचं नाव आलं नाही.

"अजून खाली बघा," डॉक्टर म्हणाले.

"खाली एक जनावरांचा दवाखाना आहे," भगवंतरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"आता तुम्ही, डॉक्टर. बंगल्यात बोअर मारायचीय असं समजा."

डॉक्टरांनी शोधलं. भगवंतराव त्यांनाही सापडले नाहीत. पण डॉक्टर हुशार होते. त्यांच्या स्वतःच्या पानाच्या तळाशी यज्ञाची लिंक होतीच. ती त्यांनी दाबली आणि फोन झटकन उलटा केला.

"काय झालं?" भगवंतरावांनी विचारलं. "माझंच उघडलं ना?"

भगवंतरावांनी फोन डॉक्टरांच्या हातून घेतला. 'श्रीगणेश बोअरवेल' या पत्त्यावर आता झगझगीत चोळी घातलेली एक बाई डोळा मारत होती आणि तीन पत्त्यांचा डाव मांडून बसायला सांगत होती. बोअरवेलचा पत्ता नाही, फोन नंबर नाही, वीस वर्षं ज्या मशीनने अर्ध्या सिल्वासाला पाणी पाजलं त्या मशीनचा फोटो नाही.

"तुम्ही स्वतः पाहिलं नाहीत कधी?" बाईंनी विचारलं.

"नाही," भगवंतराव म्हणाले. समर्पणानंतर पौर्णिमेपर्यंत स्वतःचं पान बघायचं नाही, मौन पाळायचं, असं गुरुजींनी सांगितलं होतं. ते मौन पाळत होते.

"उष्टा फोन," कल्पेशजी खुर्चीतून अर्धे उठले. "बघितलंत? मी सांगितलं होतं. डॉक्टरसाहेब, तुम्ही नियम मोडला. आता जे दिसतंय ते दोषाचं दिसतंय, सत्याचं नाही."

"असं कसं," मालतीबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक कुठून शोधणार? तुमच्या फोनवरून? ते त्याच्याच फोनवरून शोधणार. म्हणजे जगातलं प्रत्येक गिऱ्हाईक उष्टंच की. मग ही सगळी साधना चाललीय ती नेमकी कुणाला दिसावी म्हणून?"

हा प्रश्न हॉलमध्ये कुणाला पडला नव्हता. आता पडला.

"मंडळी, शेजारच्याला सांगा," बाईंनी वर्गात सांगत तसं सांगितलं. "तुमचा धंदा त्याच्या फोनवर शोधायला. बीजमंत्र सांगू नका. गरज पडली तर त्याला जे शब्द सुचतील, तेच."

आधी कुणी हलेना. मग एका पार्लरवालीने शेजारणीला कोपर मारलं आणि हॉलभर कुजबुज सुटली. काही नवऱ्यांनी मात्र आपला फोन बायकोसमोर उघडायला साफ नकार दिला; साधना शून्य झाली तरी चालेल, पण एवढं नको, असा त्यांचा भाव होता. बाकीच्यांनी शोधलं. क्लासवाल्याला क्लास सापडला नाही. पार्लर सापडलं नाही. खोकीवाल्याला तर दुसराच खोकीवाला सापडला आणि तो शेजारच्या रांगेतच बसला होता, जो या साधनेत नव्हता, नुसता भावाला सोडायला आला होता.

कल्पेशजींनी ध्यान लावायचा प्रयत्न केला. मग पंखा जास्त आहे का असं विचारलं. मग म्हणाले, ग्रहण जवळ आहे, आज सर्व्हरवर छाया आहे.

"छाया नाही, साधी गोष्ट आहे," मालतीबाई हॉलकडे वळल्या. "'दंतदिव्य मुखकमल चैतन्य' हे शब्द जगात एकाच पानावर आहेत. तेच शब्द शोधलेत तर तेच पान पहिलं येणार. दुसरं येईल कुठून? शर्यतीत एकटेच धावलात आणि पहिले आलात. वर रोज एक माळ स्वतःचंच पान उघडताय, म्हणजे तुमचा फोनही ओळखून आहे की या माणसाला हेच लागतं. तुमच्या आईला विचारलं, गावात देखणा कोण, तर ती तुमचंच नाव सांगेल. म्हणून काय गाव सांगेल?"

"आणि लिंका?" डॉक्टर प्रभाकरांनी विचारलं. त्यांच्या प्रश्नात अजून थोडी आशा होती.

"मुलीचं स्थळ बघता तेव्हा चौकशी कशी करता? मुलाबद्दल त्याच्या दहा काकांनी चांगलं सांगितलं तर विश्वास ठेवता? नाही. त्याच्या कामावरच्या, गल्लीतल्या, ज्याला काही देणंघेणं नाही अशा माणसाला विचारता. लिंक म्हणजे तशी शिफारस. गूगलही तीच चौकशी करतं, आणि इतकी वर्षं करून त्याला काकांची टोळी ओळखता येते. दातांचा डॉक्टर बोअरवेलची शिफारस करतोय, बोअरवेलवाला पार्लरची, पार्लरवाली वशीकरणाची. अशा घराण्यात तुम्ही मुलगी द्याल का? मग गूगल तरी गिऱ्हाईक कशाला देईल? उलट अशा संगतीत दिसलात म्हणून तुमचं चांगलं नावही खाली जातं."

जयाचे हात अजून लॅपटॉपवर होते. बाईंनी तिच्याकडे पाहून बोलणं टाळलं; तिला आता कुणी समजावत बसणं बरं दिसलं नसतं.

"राहिलं समर्पण. ज्याच्या नावाला शाळा, कारखाना, नर्सताई खरीखुरी शिफारस देतात, तेच नाव यांना हवंय. तुमच्यासाठी नाही. पत्त्यांच्या अड्ड्याला इज्जतदार घराचा पत्ता लागतो, आणि तो विकायचा यांचा धंदा आहे. भगवंतरावांचा विकून झालाय."

कल्पेशजी एव्हाना गुजरातीवर आले होते. "बेन, शांती राखो," ते जयाला म्हणाले. "तमे टाइप करो. ये लोग नास्तिक आहेत."

जयाने त्यांच्याकडे पाहिलं. "माझ्या पोरांच्या फोटोंच्या जागी काय आलं असतं?" तिने विचारलं.

कल्पेशजी लॅपटॉपचे हार सरळ करू लागले. तिने प्लास्टिकवरून बोटं उचलली, हारांसकट लॅपटॉपचं झाकण खाली केलं आणि पायऱ्या उतरून आली. भगवंतराव त्याच पायऱ्या चढत होते. त्यांना पासवर्ड परत हवा होता, आणि ज्या आवाजात ते तो मागत होते त्या आवाजात लवंगेचा बधिरपणा उरला नव्हता.

*

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. कल्पेशजींनी भगवंतरावांसोबत आलेल्या चार खोदकामवाल्यांसमोर बसून नाव परत केलं. पासवर्ड तीनदा चुकला. डॉक्टर प्रभाकर आता सगळ्यांना सांगतात की आपल्याला पहिल्या दिवसापासून संशय होता. डोळे टिपले ते धुपामुळे. साधकांतल्या काहींनी मात्र गुरुजींचं पुढचं शिबिर कुठे आहे याची चौकशी चालवली आहे. त्यांच्या मते दोष मालतीबाईंच्या दृष्टीचा होता. अशांसाठी कुठलाही प्रयोग उपयोगाचा नाही. त्यांना पिरॅमिड परत आणून द्यावेत, निदान घरात तांबं तरी राहील.

जयाने त्याच दुपारी पानावरून चैतन्य, अमृत आणि दिव्य काढून टाकलं. तळातली राखाडी रांग एकेक करून पुसली. पाळणाघर हा शब्द परत आला. हिंदी आली, गुजराती आली. रोहिणीने महिनाभर ज्या शब्दांत शोधलं होतं ते शब्द जयाने तिलाच विचारून लिहिले.

"बाई, पण आता वर कशी येऊ?" काम संपल्यावर तिने विचारलं. दीड महिन्याची सवय एका दुपारी जात नाही.

"वर येऊन काय करायचंय? जिला हवंय तिला सापडलीस तरी खूप झालं. नर्सताईंना सांग, पान सुधारलंय म्हणून. पोरं नीट सांभाळ. बाकी वेळ लागतो."

वेळ लागलाच. गूगलला राग आला की तो गुरुजींच्या घोषणेसारखा एका रविवारात उरकत नाही. दिवाळी आली तेव्हा जयाकडे नऊ पोरं होती. त्यातली तीन रोहिणीने आपल्या पाळीतल्या बायकांना सांगून आणली होती. तिचा फोनही त्यात वापरला गेला नव्हता. धाग्याच्या मशीनच्या आवाजात, एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन ते सांगणं झालं होतं. घरमालकाला जया म्हणाली, जागा ठेवते.

हा कल्पेश गेला, दुसरा येईल. तो कदाचित गूगलचं नाव घेणार नाही, त्या वेळी जे नवं यंत्र आलं असेल त्याचं घेईल, आणि त्यालाही हार घालेल. त्याला ओळखायला विज्ञानाची पदवी लागत नाही. खरी गोष्ट दहा जणांना दाखवली, दहा ठिकाणी तपासली, तरी ती खरीच राहते. खोटीला मात्र एक दार बंद ठेवावं लागतं. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर बघा, टाळ्याही वाजवा. पण तो जर म्हणाला की हे दुसऱ्याला विचारू नका, तर तिथून उठा आणि आधी जाऊन दुसऱ्याला विचारा.